ओपन आणि क्लोजच्या मधला वेळ

लालबागच्या आमच्या चाळीत जिन्याखालच्या भिंतीवर कोळशाने आकडे लिहिलेले असायचे. ३५६, पुढे ४. त्याखाली २७८, पुढे ७. लहानपणी मला तो दूधवाल्याचा हिशेब वाटायचा. पहिल्या मजल्यावरचे एक काका तिसरी पाळी संपवून सकाळी गिरणीतून आले की हातातला डबा खाली न ठेवता आधी त्या भिंतीपाशी थांबायचे, आकडे वाचायचे आणि मग जिना चढायचे. ते कसे चढताहेत, यावरून काकूंना वर बसल्या बसल्या कळायचं की काल काही लागलं की सगळं गेलं.

तो मटका होता. पत्त्यांच्या कॅटमधून तीन पाने काढायची. समजा ३, ५ आणि ६ आली. बेरीज १४, तिचा शेवटचा आकडा ४. हा ओपन. रात्री उशिरा पुन्हा तीन पाने: २, ७, ८. बेरीज १७, आकडा ७. हा क्लोज. दोन्ही मिळून जोडी ४७. तीन पानांच्या गटाला कुणी पाना म्हणत, कुणी पत्ती. असे एकूण २२० गट होतात आणि सराईत माणसाला ते पाढ्यांसारखे पाठ असत. एकेरी आकडा लागला तर रुपयाला साधारण ९ रुपये आणि जोडी लागली तर ९० रुपये. भाव गल्लीगणिक थोडा इकडेतिकडे. आकडे दहा आणि देणं नऊ, जोड्या शंभर आणि देणं नव्वद. खेळवणाऱ्याचा दहावा हिस्सा त्या गणितात आधीच कापलेला असे. गिरणीत वर्षानुवर्षं मोडतोडीचे हिशेब तोंडी करणाऱ्या माणसांना हे कळत नव्हतं असं नाही. कळूनही ती लावत.

२०२४ च्या दिवाळीनंतर माझ्यासमोर दुसरे आकडे आले. डोंबिवलीत राहणाऱ्या, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेल्या २६ वर्षांच्या एका मुलाची यूपीआय व्यवहारांची यादी. त्याच्या बहिणीने ती छापून आणली होती, तीन महिन्यांची, ४१ पानं. तिने त्यातलं एक पान काढून माझ्यापुढे सरकवलं. रात्री ११:४२, दोनशे. ११:४३, दोनशे. ११:४५, चारशे. ११:४६, आठशे. मध्ये वीस मिनिटं काही नाही आणि मग १२:०७ ला दोन हजार. त्या एका रात्रीत ३८ व्यवहार होते. शेवटचा पहाटे ३:५१ चा. सकाळी सात पाचची लोकल पकडून तो कामावर गेला होता. पलीकडच्या खोलीत आई-वडील झोपलेले, आणि कुणाला काही पत्ता नाही.

भिंतीवरचे आकडे आणि हे आकडे यांचं नातं सरळ रक्ताचं आहे. एकातून दुसरं कसं आलं, याचा माग काढत गेलो तेव्हा प्रत्येक पिढीत एकच गोष्ट कमी होताना दिसली. पैसे लावणं आणि निकाल लागणं यांच्या मधला वेळ.

या घराण्याचा मुंबईतला मूळपुरुष पाऊस आहे. एकोणिसाव्या शतकात शहरातल्या व्यापारी वस्तीत पावसावर पैजा लागत. आज या प्रहरात पाऊस पडेल का, पडला तर छपराच्या पन्हळीतून पाणी वाहून खाली येईल का, यावर. लोक आभाळाकडे बघत, वारा कुठून येतो ते बघत, ढगांचे जाणकार म्हणून नाव असलेल्यांना विचारत. कलकत्त्यातही हाच नाद होता आणि तो एवढा बोकाळला की १८९७ मध्ये बंगालला पावसावरच्या जुगारासाठी वेगळा कायदा करावा लागला. या जुगाराचं एक अंग आज लक्षात येत नाही. पाऊस कुणाच्या सोयीने पडत नाही. निकालासाठी तासन्‌तास बसावं लागे, आणि ऑक्टोबर सरला की जुगारच संपे. पुढचे सात-आठ महिने खेळायला काही नाही. निसर्गाने घातलेली ती सुट्टी होती.

दुसरी पिढी अफूची. सरकारी अफूचे लिलाव कलकत्त्याला होत, आणि तिथे पेटीला जो भाव निघे त्याच्या शेवटच्या आकड्यावर शेकडो मैल लांब पैसे लागत. याला आंकफरक म्हणत. अफूची पेटी बघितलेलीही नाही, घ्यायची नाही, विकायची नाही. भावाच्या शेपटाला कोणता आकडा येतो एवढंच बघायचं. मला हा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे आकडा मालापासून सुटला. मुंबईला हा नाद परका नव्हता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ पासून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या पैशावर शेअरचं वेड चढलं आणि १८६५ च्या जुलैत प्रेमचंद रायचंदांसारख्या बड्या व्यापाऱ्यांसकट अर्ध्या बाजाराचं दिवाळं वाजलं. पाच वर्षांनी, १८७० मध्ये, सुएझहून समुद्राखालची तार मुंबईला येऊन लागली. लंडनचा भाव त्याच दिवशी कळू लागला. तार व्यापारासाठी आली होती, पण आकड्यावर पैसा लावणाऱ्यांनाही आता साता समुद्रांपलीकडचा, कुणाला फिरवता न येणारा आकडा मिळणार होता.

हे सगळं कुठे एकत्र बघायचं असेल तर मुंबईचा १८८७ चा जुगारबंदी कायदा उघडावा. त्याच्या तिसऱ्या कलमात जुगारअड्डा म्हणजे काय ते सांगितलं आहे, आणि वेळोवेळी भर पडत गेलेल्या त्या व्याख्येत विहीर खणताना दिसावेत तसे थर दिसतात. कापूस, अफू किंवा इतर मालाचा भाव आणि तो भाव सांगणाऱ्या संख्येतले आकडे. शेअरचा भाव. पाऊस पडणं किंवा न पडणं. किती पडला ते मोजणाऱ्या संख्येतले आकडे. पत्त्यांवरची चित्रं आणि आकडे. कायदा लिहिणारा दर वेळी धापा टाकत मागून येतो आणि एक ओळ वाढवतो. जुगार तोवर पुढच्या वस्तूवर जाऊन बसलेला असतो.

अफूचा चीनकडचा व्यापार विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात संपला आणि आकडा कापसावर गेला. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारात सकाळी कोणत्या भावाने व्यवहार उघडले आणि संध्याकाळी कोणत्या भावावर बंद झाले, हे मुंबईच्या कापूसबाजारात टेलिप्रिंटरवर येई. उघडण्याचा तो ओपन, बंद होण्याचा तो क्लोज. आमच्या जिन्याखालच्या भिंतीवरचे हे शब्द तिथून आले होते. काकांना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण त्यांनी आयुष्यभर हाताळला तोही कापूसच.

१९६१ च्या सुमाराला न्यूयॉर्कचे ते आकडे येणं बंद झालं. लावणारे होते, घेणारे होते, आणि आकडाच नाही. तेव्हा आकडा इथेच तयार करायचं ठरलं. कच्छमधून १९४१ मध्ये मुंबईला आलेले, मसाल्यांची फेरी करून पुढे वरळीत किराण्याचं दुकान टाकलेले कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळी मटका सुरू केला. फाळणीत कराचीहून आलेले रतन खत्री १९६४ मध्ये आपला न्यू वरळी मटका घेऊन उतरले. आधी आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून एक काढत, म्हणून मटका. पुढे मडकं गेलं, पत्ते आले, नाव राहिलं. खत्रींची ख्याती अशी की पाने लोकांसमोर काढली जात. त्यात खोट नाही या भरवशावर मुंबईबाहेरूनही पैसा येई. आणीबाणीत ते तुरुंगात होते, बाहेर आल्यावर धंदा पुन्हा चालला, आणि २०२० च्या मे महिन्यात त्यांचं निधन झालं तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना मटकाकिंग म्हणूनच निरोप दिला. भगतांच्या घराण्याचा शेवट फार वाईट झाला. त्यांचा मुलगा सुरेश २००८ मध्ये अलिबागकडून येताना ट्रकच्या धडकेत गेला. तो अपघात नसून कट होता हे न्यायालयात सिद्ध झालं आणि शिक्षा झालेल्यांत त्याची पूर्वीची पत्नीही होती.

या माणसांभोवती सिनेमावाल्यांनी आणि गप्पाटप्पांनी जे वलय उभं केलं ते मला कधी आवडलं नाही. त्यांचा पैसा काकांसारख्यांच्या पगाराच्या पाकिटातून येत होता. काकूंच्या बांगड्या एकेक करून कमी झालेल्या मी पाहिल्या आहेत. तरीही मटक्यात असं काही होतं जे आज त्या ४१ पानांत मला सापडत नाही, आणि ते सांगितल्याशिवाय हा माग पुरा होणार नाही.

काकांना आकडा लावायला जिना उतरून कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जावं लागे. खिशात रोकड असावी लागे, आणि गिरणीचा पगार दहा तारखेचा. महिनाअखेरीला खिसा रिकामा म्हणजे रिकामा. आकडे घेणारा ओळखीचा. तो कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा आणि रक्कम लिहून द्यायचा आणि फार झालं तर, अहो आज पुरे, असंही म्हणायचा. टपरीवर उभं असताना शेजारी बघत, भाऊबंद बघत, कधी स्वतःची मुलगी शाळेतून येताना बघायची. ओपन लागला की क्लोजपर्यंत काही तास जायचे. त्या तासांत माणूस जेवायचा, भांडायचा, भजनाला बसायचा, झोपायचा. आज आकडा चुकला म्हणून त्याच मिनिटाला पुन्हा लावता यायचा नाही. हरलेलं भरून काढण्याची जी आग पोटात उठते ती रात्रभरात थोडी तरी विझायची. हे कुणी भल्यासाठी केलेलं नव्हतं. तंत्र तेवढंच होतं. पण ते अंतर कित्येक घरांना वाचवून गेलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा पगार थांबला. मटका त्यानंतरही चालला. नव्वदीत पोलिसांच्या धाडींनी आणि गिरणगावच विरल्याने त्याचा जीव गेला. दरम्यान सरकारने स्वतःची वाट काढली होती. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ मध्ये निघाली, मटक्याकडे जाणारा पैसा तपासता येणाऱ्या सोडतीकडे वळावा हाही त्यामागचा एक हेतू. १९९८ च्या केंद्रीय लॉटरी कायद्याच्या चौथ्या कलमात दोन अटी आहेत ज्या वाचून मी थबकलो. एकेरी आकड्यावर बक्षीस द्यायचं नाही. आणि कोणत्याही लॉटरीची आठवड्यातून एकापेक्षा जास्त सोडत काढायची नाही. म्हणजे वेळ हाच लगाम आहे, हे कायदा करणाऱ्यांना नेमकं ठाऊक होतं. पळवाट अशी निघाली की नावं बदलून रोज वेगवेगळी लॉटरी काढायची. पुढे गल्लीबोळांत संगणकावरची लॉटरी केंद्रं आली आणि तिथे पंधरा-पंधरा मिनिटांना निकाल लागू लागले. काचेवर काळी फिल्म, आत प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवरच्या पडद्याकडे बघत बसलेली माणसं. रात्रीचं अंतर पाव तासावर आलं.

मग फोन. पण फोनमध्ये जुगार उघड्या दाराने शिरला तो न्यायालयांच्या जुन्या निवाड्यांचा आधार घेऊन. शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा चालवणाऱ्या चमारबागवाला यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सांगितलं की जुगाराला व्यापाराचं संरक्षण नाही, पण ज्यात कौशल्याचा भाग मोठा आहे तो जुगार नव्हे. १९६७ मध्ये रमी कौशल्यात बसली, १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत. तो रमीचा निकाल क्लबात पत्ते कुटणाऱ्या लोकांबद्दलचा होता. पन्नास वर्षांनी तोच आधार घेऊन कोट्यवधी फोनांवर चोवीस तास रमी सुरू झाली. टेबलाभोवती बसलेली चार माणसं आणि त्यांच्या घरी जायच्या वेळा यांच्यासकट तो निकाल दिला गेला होता, ही गोष्ट त्या प्रवासात गळून पडली. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि रोकडीचा अडसर गेला. कर्ज देणारी अ‍ॅप आली आणि महिनाअखेरही गेली. रमी आणि क्रिकेटच्या काल्पनिक संघांशेजारी मग रंग ओळखण्याचे खेळ आले: लाल की हिरवा, दर मिनिटाला निकाल. विमान वर जातं आणि पडायच्या आत पैसे काढायचे, हा खेळ तर काही सेकंदांचा.

याचं गणित एकदा कागदावर मांडावं. काका दहा रुपयांचा ओपन आणि दहा रुपयांचा क्लोज लावत. दहावा हिस्सा कापला जातो असं धरलं तर सरासरीने रोज दोन रुपये जाणार, महिन्याला साठ. आता मिनिटाला निकाल देणारा खेळ घेऊ. खेळवणारा दहा टक्क्यांऐवजी फक्त पाच टक्के घेतो असं मानू, म्हणजे मटक्यापेक्षा निम्मे. दहा रुपयांनी दोन तास खेळलं तर १२० डाव होतात, आणि प्रत्येकी पन्नास पैशांनी साठ रुपये जातात. काकांचा महिना एका रात्रीत. महिन्याचे अठराशे. आणि कुणी दहावर थांबत नाही. त्या मुलाच्या यादीत दोनशेचे आठशे चार मिनिटांत झाले होते.

हे वाढत असताना जाहिरातीच्या शेवटी एक वाक्य येऊ लागलं: या खेळात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा. अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने १५ डिसेंबर २०२० पासून ते सक्तीचं केलं, छापील जाहिरातीत किमान २० टक्के जागा त्याला द्या आणि ऐकवताना नेहमीच्या बोलण्याच्या वेगात म्हणा, असंही बजावलं. जबाबदारी हा शब्द मला टाकाऊ वाटत नाही. गोव्यात १९७६ चा कायदा १९९२ मध्ये बदलून जुगाराला परवाना मिळाला, मांडवीतल्या बोटींवर आपले कितीतरी लोक जातात, आणि त्यांतले बरेच ठरवलेली रक्कम घालवून जेवून परत येतात. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. जो खेळतोच आहे त्याने आधी रक्कम ठरवावी, वेळ ठरवावी, उसने पैसे लावू नयेत आणि हरलेलं त्याच बैठकीत परत मिळवायला जाऊ नये; हे चारही सल्ले खरे आहेत. पण ज्याची थांबण्याची शक्तीच दुखावली आहे, त्याच्या गळ्यात सगळी जबाबदारी घालून पहाटे चारला त्याच्या हातात तोच फोन ठेवणं, हे मला मान्य नाही.

थांबता न येणं हा दोष की आजार, या प्रश्नाचाही एक माग आहे आणि तो पहिल्यापेक्षा जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ३४ वं सूक्त जुगाऱ्याचं आहे. फासे बेहड्याच्या बियांचे. बायको दुरावलेली, सासू तिरस्कार करते, भाऊ ओळख दाखवत नाहीत. तो ठरवतो की आता जाणार नाही, आणि फाशांचा आवाज कानावर पडताच पाय तिकडे वळतात. हजारो वर्षं हे दुखणं असं अचूक माहीत होतं, आणि त्यावर उपाय म्हणून उपदेशच होता. १३ सप्टेंबर १९५७ ला लॉस एंजेलिसमध्ये गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमसची पहिली बैठक झाली, दारू सुटण्यासाठी एकत्र येणाऱ्यांच्या वाटेवर पाऊल टाकून: नाव सांगू नका, अनुभव सांगा. १९७२ मध्ये डॉ. रॉबर्ट कस्टर यांनी ओहायोतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात जुगाऱ्यांना दाखल करून उपचार सुरू केले. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात हा आजार नोंदला गेला आणि २०१३ मध्ये तो व्यसनांच्या प्रकरणात, दारू आणि अफूच्या शेजारी नेऊन ठेवला. महाराष्ट्राला हे समजायला जड जाऊ नये. व्यसनी माणूस वाईट नसतो, आजारी असतो, आणि त्याच्याबरोबर त्याचं घरही आजारी असतं, हे अनिल आणि डॉ. अनिता अवचटांच्या मुक्तांगणने १९८६ पासून आपल्याला शिकवलेलं आहे. ज्यात बाटली दिसत नाही, वास येत नाही, पाय लटपटत नाहीत, त्या व्यसनालाही ते लागू करायचं आहे.

तपासण्यासाठी दोनच प्रश्न पुरतात, आणि संशोधकांनी त्यावर काम केलेलं आहे. आधीपेक्षा जास्त जास्त पैसे लावावेसे वाटतात का? किती खेळतो याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलं आहे का? एकाचंही उत्तर हो आलं तर कुणाशी तरी बोलायची वेळ आली आहे. ते बोलणं फोनवरही सुरू होतं. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ हा क्रमांक, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू, आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जाता येतं. बंगळूरच्या निम्हान्समध्ये तर २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळा दवाखाना आहे. जीव नकोसा झाल्याची भाषा निघाली तर सकाळची वाट बघू नये, त्याच घटकेला फोन करावा आणि माणसाला एकटं सोडू नये. पोलिसांच्या भीतीने गप्प बसलेल्यांनी हेही लक्षात घ्यावं: २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड ठेवला आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे, खेळणाऱ्याला त्यात गुन्हेगार धरलेलं नाही. सही होताच मोठ्या अ‍ॅपनी पैशांचे खेळ थांबवले. परदेशातून चालणाऱ्या साइटच्या लिंका मात्र फोनवर येतच असतात, म्हणून कायदा झाला आता चिंता मिटली असं घरच्यांनी समजू नये.

डोंबिवलीच्या त्या मुलाच्या घरी पहिल्यांदा सगळे जमले तेव्हा वडिलांनी विचारलं, एकूण किती आहे ते सांग, पीएफ काढतो आणि उद्या फेडून टाकतो. समुपदेशक बाईंनी त्यांना थांबवलं. एकदम फेडलं की डोक्यावरचा भार उतरतो आणि खाती पुन्हा मोकळी होतात, मग पुढची फेरी सुरू होते, असं त्यांनी समजावलं. आधी सगळ्या देण्यांची यादी त्याने स्वतःच्या हाताने लिहायची. प्रत्येकाचा हप्ता ठरवायचा आणि तो त्याच्याच पगारातून जायला हवा. पगार बहिणीच्या खात्यात, यूपीआयची मर्यादा रोजची दोनशे, कर्जाची अ‍ॅप सगळ्यांसमोर काढून टाकायची, जुगाराच्या साइट अडवणारं सॉफ्टवेअर फोनवर टाकायचं, आणि रात्री फोन आई-वडिलांच्या खोलीत चार्जिंगला. तो मान खाली घालून ऐकत होता. त्याची यादी लिहून झाली तेव्हा ती बहिणीच्या अंदाजापेक्षा दीड लाखाने मोठी निघाली, आणि त्या दीड लाखाचा आकडा लिहिताना त्याचा हात थांबला होता. त्याच्या ताईने पेन काढून घेतलं नाही. ती नुसती शेजारी बसून राहिली.

बाईंनी त्याला आणखी एक सांगितलं होतं. खेळावंसं वाटेल, ते टळणार नाही. वाटलं की नाही म्हणू नकोस, फक्त अर्धा तास पुढे ढकल, आणि त्या अर्ध्या तासात घरात बसू नकोस. लाट चढते तशी बहुतेक वेळा उतरते. मध्ये एकदा तो घसरला, शंभर रुपये, मित्राच्या फोनवरून; रात्रीच ताईला सांगितलं. गेल्या महिन्यात मी गेलो होतो तेव्हा आयपीएलचा सामना चालू होता. शेवटची चार षटकं राहिली होती. तो उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, काका, खाली चहा घेऊन येतो. ताईने घड्याळाकडे पाहिलं. टपरी इमारतीच्या अगदी पायथ्याशी आहे, पण तो तिथे थांबत नाही, स्टेशनजवळच्या टपरीपर्यंत चालत जातो. परत आला तेव्हा सामना संपला होता. कोण जिंकलं ते त्याने विचारलं नाही.